‘दा विंची कोड’ वाचावा का?

एखादं पुस्तक किंवा चित्रपट गाजू लागला, त्यावर मोर्चे निघाले, कुणी बंदीची मागणी केली, की आपल्याकडे दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, यात धर्माविषयी काही वाईट आहे का? दुसरा, मग बघायचा की नाही? पहिल्याचं उत्तर द्यायला पुष्कळ लोक पुढे येतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र ज्याचं त्यालाच शोधावं लागतं, कारण वेळ आणि पैसा त्याचाच जाणार असतो. मोडनिंबसारख्या गावातल्या मुलांना हा प्रश्न आता नेहमीचा झाला आहे. पूर्वी गाजलेला चित्रपट माढा तालुक्यापर्यंत यायला महिने लागत. आता चित्रपट येण्याआधी त्याचा वाद मोबाईलवर येऊन पोचतो, आणि आपण न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ठाम मत बनवून बसतो.

या प्रश्नासाठी मी मुद्दाम जुनं उदाहरण घेतो आहे. ताज्या वादात डोकी तापलेली असतात, जुन्या वादात धुरळा खाली बसलेला असतो. उदाहरण आहे डॅन ब्राउन यांच्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीचं. ती २००३ साली अमेरिकेत आली, जगभर कोट्यवधी प्रती खपल्या, मराठीतही तिचा अनुवाद झाला. २००६ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. वाद ख्रिस्ती लोकांचा होता असं वाटेल, पण विषय हजरत ईसा अलैहिस्सलाम यांचा होता. म्हणजे तो आपलाही होता.

कादंबरीची गोष्ट थोडक्यात अशी. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात एका वृद्ध अधिकाऱ्याचा खून होतो. मरण्यापूर्वी तो काही सांकेतिक खुणा करून ठेवतो. एक अमेरिकन प्राध्यापक आणि मृताची नात त्या खुणांचा माग काढत पळत राहतात. मागे पोलीस आणि एक खुनी साधू. शेवटी जे रहस्य उघड होतं ते असं, की ईसांचा मेरी मॅग्डेलीनशी विवाह झाला होता, त्यांचा वंश फ्रान्समध्ये टिकून आहे, आणि चर्चने हे सत्य शेकडो वर्षं दडपून ठेवलं आहे. प्रकरणं एकशे पाच, बहुतेक चार-पाच पानांची, आणि प्रत्येकाच्या शेवटी अशी अडवणूक की पुढचं पान उलटावंच लागतं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ज्यांनी रात्री जागून वाचल्या आहेत त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

मग एवढं भांडण कशाचं? अर्नाळकरांच्या पुस्तकावर कधी कुणी मोर्चा काढला नाही. फरक पहिल्या पानावर आहे. गोष्ट सुरू होण्याआधी लेखकाने ‘तथ्य’ या मथळ्याखाली सांगून ठेवलं आहे की ‘प्रायरी ऑफ सायन’ नावाची गुप्त संघटना १०९९ पासून खरोखर अस्तित्वात आहे, तिची कागदपत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली आहेत, आणि कादंबरीतली चित्रं, वास्तू, कागदपत्रं व गुप्त विधी यांची वर्णनं अचूक आहेत. म्हणजे वाचकाला आधी खात्री दिली की हे खरं आहे, आणि मग गोष्ट सांगितली. सगळं बिघडलं ते इथे.

हा मुद्दा मोडनिंबच्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. आमचं गाव कलाकेंद्रांचं, लावणीचं. संगीतबारी वेगळी आणि ढोलकीफडाचा तमाशा वेगळा, पण दोन्ही या भागातल्या लोकांनी पाहिलेले. फडाच्या तमाशात गण होतो, मग गवळण. गवळणीत खुद्द कृष्ण बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतो, पेंद्या चेष्टा करतो, मावशी त्याला सुनावते. त्यानंतर वग. त्यात राजा मूर्ख असतो, प्रधान लबाड असतो, सरदार शिपायाकडून टोमणे खातो. पंढरीच्या वाटेवरची भाविक माणसं हे बघून पोट धरून हसतात आणि पहाटे विठ्ठलाचं नाव घेत घरी जातात. कुणाची श्रद्धा दुखावत नाही. कारण फडावर कुणी सुरुवातीलाच हात वर करून शपथ घेत नाही की पुढे दाखवतो ते सगळं जसंच्या तसं घडलेलं आहे. बघणारा आणि दाखवणारा यांच्यात एक करार असतो. सगनभाऊंसारखे मुसलमान शाहीर याच परंपरेत मोठे झाले ते या कराराच्या जोरावरच. ‘दा विंची कोड’ने हा करार मोडला. सोंग घेतलं, पण सोंग आहे हे सांगितलं नाही.

आता लेखकाने दिलेली खात्री तपासून बघू. आपल्या परंपरेत यासाठी फार चांगलं हत्यार आहे. हदीस गोळा करणाऱ्या विद्वानांनी एक शिस्त घालून दिली. मजकूर कितीही सुंदर असो, आधी सनद बघायची. कुणी सांगितलं, त्याने कुणाकडून ऐकलं, ते दोघे एकमेकांना भेटले होते का, सांगणारा खरं बोलणारा होता का. साखळीतली एक कडी खोटी निघाली तरी बातमी पडली.

‘प्रायरी ऑफ सायन’ची साखळी मागे मागे नेली तर ती १०९९ पर्यंत जातच नाही. ती १९५६ पर्यंत जाते आणि पिएर प्लांतार नावाच्या एका फ्रेंच माणसापाशी थांबते. त्याने त्या वर्षी स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या एका गावात या नावाची संस्था नोंदवली. पुढे साठच्या दशकात त्याने आणि त्याच्या साथीदाराने बनावट कागद तयार करून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवून दिले. न्यूटन, व्हिक्टर ह्यूगो, लिओनार्दो ही सगळी नावं त्या कागदांतलीच. प्लांतारला स्वतःला फ्रान्सच्या जुन्या राजघराण्याचा वारस ठरवायचं होतं. १९९३ मध्ये एका न्यायाधीशासमोर त्याने हे सगळं रचलेलं असल्याचं कबूल केलं. ग्रंथालयात कागद सापडले हे खरंच, पण ते तिथे ठेवले कुणी हे पहिल्या पानावर लिहिलेलं नाही.

बाकीच्या दाव्यांचंही तेच. लूव्हरच्या काचेच्या पिरॅमिडला ६६६ तावदानं आहेत असं कादंबरीत येतं. प्रत्यक्षात ६७३ आहेत. मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्या हे सर्वांत जुने ख्रिस्ती दस्तऐवज असल्याचं कादंबरीतला विद्वान सांगतो. १९४७ पासून सापडत गेलेल्या त्या गुंडाळ्या ज्यू लोकांच्या आहेत आणि त्यांत ईसांचा उल्लेख नाही. मिलानच्या मठातल्या ‘शेवटचं भोजन’ या चित्रात ईसांच्या शेजारी बसलेली व्यक्ती स्त्री आहे असा मोठा गाजावाजा आहे. तिथे शिष्य योहान आहे, आणि त्याला बिनदाढीचा, कोवळा तरुण म्हणून रंगवण्याची चाल त्या काळच्या इटालियन चित्रकारांत सर्रास होती. चर्चने पन्नास लाख स्त्रियांना चेटकिणी ठरवून जाळलं असं कादंबरी म्हणते. इतिहासकारांचा अंदाज चाळीस ते पन्नास हजारांचा आहे, आणि त्यांत पुरुषही होते. पन्नास हजार हा आकडाही अंगावर काटा आणणारा आहे. तो शंभर पट करण्याची गरज का भासावी?

कादंबरीतली एक गोष्ट मात्र न्याय्य आहे आणि ती मान्य केली पाहिजे. मेरी मॅग्डेलीनला वेश्या म्हणून जी ओळख मिळाली तिला इंजिलमध्ये आधार नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तीन वेगवेगळ्या स्त्रिया एकच मानल्या, आणि तो डाग पुढे जवळजवळ चौदाशे वर्षं राहिला. कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये आपल्या दिनदर्शिकेत ही सरमिसळ दूर केली. एका स्त्रीवर एवढा काळ अन्याय झाला हे लाखो लोकांना या कादंबरीमुळे कळलं. तेवढं श्रेय तिला द्यायला हवं.

मुसलमान वाचकाची खरी परीक्षा यापुढे आहे. कादंबरीतला विद्वान सांगतो की ईसांना त्यांचे अनुयायी निव्वळ माणूस मानत होते. इसवी सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया इथे परिषद भरवली आणि थोड्या मतांच्या फरकाने त्यांना देव ठरवलं. हे वाचताना आपल्याला आनंद होऊ शकतो. आपण तर ईसांना अल्लाहचे पैगंबर मानतो, अल्लाहचा पुत्र मानत नाही. बघा, एक अमेरिकन लेखकसुद्धा आपल्याच बाजूने बोलतो आहे! आपल्या काही वक्त्यांच्या भाषणांत निकियाचा हा दाखला याच थाटात ऐकू येतो.

पण सनद बघायची तर इथेही बघितली पाहिजे. निकियाला तीनशेच्या आसपास बिशप जमले होते. वाद पुत्र हा पित्यासारख्याच तत्त्वाचा आहे की पित्याने निर्माण केलेला आहे, असा होता. एरियस आणि त्याचा विरोधी पक्ष, दोघेही ईसांना सामान्य माणसाहून वरचे मानत होते. आणि निकाल काठावरचा नव्हता. शेवटी सही करायला नकार देणारे बिशप दोनच निघाले. शिवाय निकियाच्या दोनशे वर्षं आधी, ११२ च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी आपल्या सम्राटाला पत्र लिहितो, की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून त्याची गाणी म्हणतात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता, त्यांना शिक्षा करणारा अधिकारी होता. त्याला खोटं लिहिण्याचं कारण नव्हतं.

म्हणजे कादंबरीतली निकियाची गोष्ट आपल्या सोयीची असली तरी ती खरी नाही. आणि आपल्याला तिची गरजही नाही. तौहीद हा आपला ईमान आहे. तो कुठल्या परिषदेच्या मतमोजणीवर उभा नाही. कुरआनात मरियम या नावाची एक पूर्ण सूरह आहे, नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे, आणि ईसांचं नाव पंचवीस वेळा येतं. त्यांच्याविषयी आपण काय मानतो हे आपल्याला तिथून कळतं, विमानतळावर विकल्या जाणाऱ्या कादंबरीतून नाही. सूरह हुजुरातची सहावी आयत बातमी आली की आधी छाननी करायला सांगते. सूरह निसाची एकशे पस्तिसावी आयत न्यायाची साक्ष आपल्या स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी द्यायला सांगते. या दोन्ही आयती एकत्र वाचल्या तर अर्थ साफ आहे. आपल्या विरुद्धचं असत्य तपासायचं आणि आपल्या बाजूचं तसंच ठेवायचं, अशी सवलत आपल्याला नाही.

२००६ च्या मे महिन्यात मुंबईत काय घडलं ते आता पाहू. चित्रपट १९ मेला जगभर प्रदर्शित होणार होता. मुंबईत कॅथलिक संघटनांनी निदर्शनं केली, उपोषणाचा मार्गही धरला गेला. त्या वेळी रझा अकादमीसह मुंबईतल्या काही मुस्लिम संघटना ख्रिस्ती बांधवांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. ईसा हे आमचेही पैगंबर आहेत, त्यांचा अवमान आम्हालाही सहन होणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी कॅथलिक प्रतिनिधींबरोबर चित्रपट पाहिला. शेवटी प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आणि ही कथा काल्पनिक असल्याची ठळक सूचना, या अटींवर तो आठवडाभर उशिरा प्रदर्शित झाला. गोवा, नागालँड, पंजाब, तामिळनाडू, आंध्र प्रदेश अशा राज्यांनी बंदी घातली. आंध्रची बंदी तिथल्या उच्च न्यायालयाने उठवली आणि सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदीची मागणी फेटाळली.

दुसऱ्याच्या दुःखात उभं राहणं ही त्या वेळी आपल्या लोकांनी केलेली चांगली गोष्ट होती. ती विसरली गेली आहे म्हणून मी मुद्दाम नोंदवतो. पण बंदीने काय साधलं असतं? पुस्तक तर तीन वर्षं दुकानांत होतं. या सगळ्या प्रकरणात खरोखर उपयोगी ठरली ती एक साधी गोष्ट, पडद्यावर आलेली सूचना की ही कथा काल्पनिक आहे. लेखकाने पहिल्या पानावर मोडलेला करार त्या एका ओळीने पुन्हा जोडला.

या जुन्या वादाचा आजच्या आपल्या आयुष्याशी थेट संबंध आहे. २०२३ मध्ये ‘द केरला स्टोरी’ आला. त्याच्या जाहिरातीत ३२,००० मुलींचा आकडा होता. सनद विचारल्यावर तो आकडा टिकला नाही. जाहिरातीखालचा मजकूर तीन मुलींवर आला, आणि आकड्याला विश्वसनीय आधार नाही अशी सूचना दाखवण्याचं निर्मात्यांना सर्वोच्च न्यायालयात मान्य करावं लागलं. तोवर नुकसान होऊन गेलं होतं. त्याच मे महिन्यात अकोल्यात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दंगल उसळली आणि एका माणसाचा जीव गेला. ती पोस्ट याच चित्रपटाशी संबंधित असल्याच्या बातम्या आल्या. २०२४ मध्ये ‘हमारे बारह’वर बंदी मागितली गेली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी चित्रपट स्वतः पाहिला. टीझरबद्दल निर्मात्यांना पाच लाख रुपयांचा भुर्दंड बसला, पण बदल केलेला चित्रपट कुरआनच्या किंवा मुसलमानांच्या विरोधात नाही असं न्यायालयाने म्हटलं. टीझर एक सांगत होता आणि चित्रपट दुसरंच. न पाहता बोलणारे दोन्ही बाजूंचे लोक टीझरवरच भांडत होते.

२०२५ मध्ये ‘छावा’ आला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. संभाजी महाराजांची १६८९ मध्ये औरंगजेबाने केलेली क्रूर हत्या हा इतिहास आहे. तो नाकारण्याचं कुठल्याही मुसलमानाला कारण नाही, आणि नाकारू नये. पण चित्रपटानंतर खुलताबादच्या कबरीचा वाद पेटला आणि मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली. चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग पुन्हा उफाळला असं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. शिर्के घराण्याच्या वंशजांनाही आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर आक्षेप घ्यावा लागला आणि दिग्दर्शकाला त्यांची माफी मागावी लागली. ज्यांना औरंगजेबाचा काळ खरोखर समजून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यात मंगळवेढा तालुक्यात, भीमेकाठी, माचणूर-ब्रह्मपुरी आहे. १६९५ ते १६९९ या काळात बादशहाची छावणी तिथे होती. त्या छावणीत मराठा सरदारही चाकरीला होते आणि बाहेर मराठा फौजा त्याच बादशहाशी लढत होत्या. हा गुंता तीन तासांत मावत नाही म्हणून तो पडद्यावर येत नाही.

‘दा विंची कोड’मधला खुनी हा ‘ओपस देई’ या कॅथलिक संघटनेचा साधू दाखवला आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या या संघटनेत साधू नसतातच. पण कथेला एक भयंकर चेहरा हवा होता, म्हणून एका जिवंत संघटनेच्या माथी तो मारला. हे वाचताना मुसलमान वाचकाला काहीतरी ओळखीचं वाटलं पाहिजे. दाढी, टोपी, विशिष्ट पार्श्वसंगीत, आणि मग बंदूक, हे आपण पडद्यावर किती वेळा पाहिलं आहे! ओपस देईच्या बाबतीत आपण ‘अहो, ती तर नुसती गोष्ट आहे’ म्हणत असू, तर आपल्या बाबतीत तेच ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागेल. आणि आपल्या बाबतीत ते अन्यायाचं वाटत असेल, तर त्यांच्या बाबतीतही तो अन्यायच. माप एकच ठेवायचं.

तर मग, वाचावा की नाही? माझं मत सरळ आहे. कोडी सोडवायची हौस असेल तर कादंबरी वाचा. दोन संध्याकाळी आणि एक जागरण, एवढाच खर्च. पहिल्या पानावरचं ‘तथ्य’ मनातल्या मनात खोडून पुढे जा. गोष्ट त्याशिवायही उभी राहते, हीच ती चांगली रहस्यकथा असल्याची खूण. चित्रपट सोडून दिला तरी चालेल. अडीच तास त्यात माणसं एकमेकांना इतिहास समजावून सांगत उभी असतात, आणि पानं उलटण्याची जी मजा होती ती तिथे नाही.

आणि ईसांविषयी जाणून घ्यायची ओढ कादंबरीने लावली, तर ती तिथेच थांबवू नका. आधी सूरह मरियम अर्थासह वाचा. मग शेजाऱ्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐका. मराठीत त्याची सोय चारशे वर्षांपासून आहे. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही ओवीत. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं. २०२० च्या जानेवारीत शेजारच्या उस्मानाबादेत मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते. एक धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून त्यांना विरोध झाला, तरी मराठी वाचकांनी त्यांचं भाषण ऐकून घेतलं.

पुढच्या वेळी एखाद्या गाजलेल्या, वादग्रस्त चित्रपटाची जाहिरात मोबाईलवर येईल तेव्हा चार गोष्टी विचारा. हा खरं असल्याचा दावा करतो आहे का? त्या दाव्याची सनद कुठवर जाते? दावा काढून टाकला तर गोष्ट उरते का? आणि यातला खलनायक एक माणूस आहे की एक अख्खी जमात? उत्तरं बरी आली तर जरूर बघा. नाही आली तर तेवढा वेळ वाचला. आणि चारही प्रश्न आपल्या बाजूने बोलणाऱ्या चित्रपटालाही तितक्याच कडकपणे विचारा.